फिओक्रोमोसायटोमाचे निदान आणि रासायनिक चाचण्यांची विश्वसनीयता

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात उद्भवणारे फिओक्रोमोसायटोमा हे अर्बुद विरळाच आढळते. परंतु त्याचे निदान हुकल्यास शस्त्रक्रियेच्या वा प्रसूतीच्या वेळी रक्तदाब एकाएकी भडकून रोग्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणूनच पहिल्या चाचणीतून एकही रोगी निसटू नये, अशी अपेक्षा असते.

हे अर्बुद अॅड्रीनॅलीन व नॉरअॅड्रीनॅलीन ही संप्रेरके रक्तात पुष्कळदा अधूनमधूनच सोडते. त्यामुळे दोन स्रावांच्या मधल्या काळात ती मोजल्यास आकडा प्राकृत येऊ शकतो. त्यांचे मेटानेफ्रिनांत रूपांतर होण्याची क्रिया मात्र अर्बुदाच्या पेशींत अखंड चालू असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात रक्तद्रवातील मुक्त मेटानेफ्रिनांच्या चाचणीची संवेदनशीलता ९९ टक्के, तर मूत्रातील व्हॅनिलिलमँडेलिक आम्लाच्या जुन्या चाचणीची ६४ टक्के आढळली. विशिष्टता मात्र अनुक्रमे ८९ व ९५ टक्के होती.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. १,००० संशयित रोग्यांपैकी ५ जणांना अर्बुद आहे असे मानू. मेटानेफ्रिनांची चाचणी बहुधा पाचही जणांना ओळखील. परंतु अर्बुद नसलेल्या ९९५ जणांपैकी सुमारे १०९ जणांनाही ती रोगी ठरवील. तात्पर्य, नकारार्थी निष्कर्षावर विसंबता येते; केवळ एका होकारार्थी निष्कर्षावर नव्हे. वाढ किंचित असल्यास, शक्य तेथे ट्रायसायक्लिक औषधे थांबवून व रोग्याला काही काळ निजवून चाचणी पुन्हा करावी. वाढ खरी ठरल्यावरच अर्बुदाचे स्थान शोधण्यास प्रवृत्त व्हावे.