गुडघा, गिअर आणि घाट

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा सायकल घेतली. कॉलेजात असताना पुण्यात सगळीकडे सायकलनेच हिंडलो होतो, त्यामुळे त्यात नव्याने शिकण्यासारखे काही असेल असे वाटले नव्हते. या वेळची सायकल मात्र वेगळी होती. खाली वळलेले हँडल, बारीक टायर आणि भरपूर गिअर. तिसऱ्या आठवड्यात कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे चढताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. 'आता वय झालं, कशाला ते खूळ' हे घरी आणि दारी दोन्हीकडे ऐकून झाले. सायकल विकण्यासाठी मी एक-दोघांना विचारलेसुद्धा.

दोष वयाचा नव्हता. त्या घाटात मी मागचे सर्वांत लहान चक्र लावून चढत होतो. हलका गिअर लावणे मला कमीपणाचे वाटत होते. हे खूळ फार जुने आहे. फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीत चालत्या सायकलवर गिअर बदलण्याच्या यंत्रणेला १९३७ पर्यंत बंदी होती. तोपर्यंत स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत (दोन बाजूंना दोन वेगवेगळी चक्रे असत) आणि मग चढू लागत. गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय, ही समजूत एवढी पक्की होती.

आता जरा हिशेब करू. पायडलची एक फेरी झाली की सायकल किती पुढे जाते, हा एकच आकडा काढायचा आहे. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागा आणि चाकाच्या परिघाने गुणा. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर उत्तर येते सुमारे ५.४ मीटर. माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रे आहेत आणि मागे ११ ते २८ दात्यांची. परीघ २.१ मीटर. सर्वांत जड जोडीत एका फेरीला साडेनऊ मीटर, सर्वांत हलक्या जोडीत अडीच मीटरांहून किंचित जास्त.

चेन येण्यापूर्वी पायडल थेट पुढच्या चाकाला असे, म्हणून एका फेरीत जास्त अंतर हवे तर चाकच मोठे करावे लागे. जुन्या चित्रांतली ती एक प्रचंड आणि एक चिमुकले चाक असलेली सायकल हौसेपोटी तशी नव्हती! आपल्या काळ्या सायकलचे ५.४ मीटर तिच्यावर मिळवायचे तर पुढचे चाक १.७ मीटर व्यासाचे, म्हणजे पुरुषभर उंच लागले असते. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल आणली. चाकाचा आकार आणि फेरीचे अंतर यांची गाठ तिने सोडवली.

घाटाकडे परत येऊ. मी आणि सायकल मिळून ८० किलो. १०० मीटरला ५ मीटर असा चढ धरला, तर मागे ओढणारे बल ८० चा विसावा भाग, म्हणजे ४ किलो वजनाएवढे. घर्षण आणि वारा तूर्त बाजूला ठेवू. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा, म्हणून एका फेरीत पाऊल १.०७ मीटर अंतर कापते. पायाने केलेले कार्य आणि सायकल वर चढवण्याचे कार्य सारखे असायला हवे. काळ्या सायकलवर पायाला ४ × ५.४ ÷ १.०७, म्हणजे २० किलो वजनाएवढे बल लावावे लागेल. माझ्या हलक्या गिअरमध्ये साडेनऊ किलो. आणि मी ज्या जड गिअरमध्ये मर्दुमकी गाजवत होतो, त्यात ३५ किलोंच्या वर! ही झाली फेरीची सरासरी. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय जवळजवळ काहीच करू शकत नाही, त्यामुळे दांडा आडवा असताना बल याच्या दीडपट तरी होते.

हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ९ किलोमीटर आणि शक्ती सुमारे १०० वॉट. त्याच वेगाने काळ्या सायकलवर मिनिटाला २८ फेऱ्या होतील, शक्ती तीच १०० वॉट. मग फरक कुठे पडतो? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. 'कार्य सारखे तर थकवाही सारखा' असे बहुतेक मुले म्हणतील. स्नायूंचा हिशेब तसा नसतो. बल मोठे लागले की स्नायूतील लवकर थकणारे तंतू कामाला लागतात. घट्ट आकसलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. आणि तेच बल गुडघ्याच्या वाटीला मांडीच्या हाडावर दाबते.

म्हणून नवशिक्याने हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत. सपाटीवर मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या; घड्याळ लावून एकदा मोजून पाहावे, आपण समजतो त्यापेक्षा त्या बऱ्याच कमी भरतात. गंमत अशी, की प्राणवायूचा खर्च ६०च्या आसपास सर्वांत कमी असतो असे अनेक प्रयोगांत दिसले आहे, तरी तयार सायकलपटू ९०च्या आसपास फेऱ्या पसंत करतात. थोडा प्राणवायू जास्त गेला तरी चालेल, पाय टिकले पाहिजेत, असा त्यांचा सौदा असावा.

दुसरी चूक सीटची. आपल्याकडे सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा दंडक आहे, आणि दुकानदाराने माझी सीट तशीच बसवून दिली होती. गर्दीत हे सोयीचे असते हे खरे. पण मग पायडल वर आले की गुडघा फार दुमडतो आणि त्या स्थितीत जोर लावला की वाटीवरचा दाब आणखी वाढतो. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. माझी सीट चार बोटे वर गेली. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, ही सवय लागायला आठवडा गेला. गुडघ्याचे दुखणे महिन्याभरात थांबले. (सूज असेल किंवा विश्रांती घेऊनही दुखत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.)

सपाटीवर शत्रू वेगळा असतो, तो म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी २० वरून ३० किलोमीटरवर जायचे तर वाऱ्यासाठीच सव्वातीनपटींहून जास्त शक्ती लागते. पहिले दोन महिने विशीतच राहिलेले बरे. तासाला अर्धा लिटर पाणी पोटात जाऊ द्यावे, कारण स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जेची उष्णता होते आणि ती बरीचशी घामावाटे बाहेर पडते.

टायरमधील हवेचा एक प्रयोग शाळेत करण्यासारखा आहे. मागच्या टायरला खडूची ओली पूड लावा, एक विद्यार्थी सायकलवर बसवा, दोघांनी ती तोलून धरा आणि चाक अलगद काळ्या कागदावर टेकवून उचला. उमटलेला ठसा चौकटीच्या कागदावर उतरवून क्षेत्रफळ काढा. मागच्या चाकावर येणारे वजन आधी वजनकाट्यावर मोजून घ्या. वजन भागिले क्षेत्रफळ, म्हणजे हवेचा दाब, अंदाजाने. ४५ किलो वजन आणि १६ चौरस सेंटिमीटर ठसा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला २.८ किलो, पंपवाल्याच्या भाषेत ४० पौंड. हवा कमी करून ठसा पुन्हा घ्या.

प्रयोगासाठी सायकली गोळा कराल तेव्हा सीटकडेही पाहा. आठवीत घेतलेल्या सायकलची सीट दहावीतही तिथेच असते, मुलगा किंवा मुलगी मात्र वीतभर वाढलेली असते. सीटखालचा बोल्ट बहुधा गंजलेला असतो. आदल्या दिवशी त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून ठेवावेत आणि पाना बरोबर न्यावा. दांड्यावर 'यापेक्षा वर नको' अशी खूण असते, ती नळीच्या आतच राहिली पाहिजे.