मागील दारचा उन्हाळा

फेब्रुवारी सरत आला की विदर्भ-मराठवाड्यातल्या परसात दोन कामे एकदमच निघत. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर आळी करून दुधी, दोडका, कारले, चवळी टोचायची आणि खुराड्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा नवा थर चढवायचा. लगोलग तिसरे काम अंगावर येई, ते म्हणजे या दोघांचे भांडण सोडवणे. ओली, भुसभुशीत माती दिसली की कोंबडी गप्प बसत नाही. दुपारी टोचलेले बी संध्याकाळी तिच्या पोटात असते. म्हणून आळ्यांभोवती बोराट्या रोवायच्या आणि पिलांवर डालगे झाकायचे. शेजारणीच्या कोंबडीने वाफा उकरला तर मात्र बोराटीचाही उपयोग नसे. ते प्रकरण तोंडानेच निकालात निघे.

या अर्ध्या-एक गुंठ्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बी आदल्या वर्षीचे, राखेत घोळून मडक्यात जपलेले. पाणी भांड्यांचे आणि आंघोळीचे. कोंबड्यांचे खाद्य म्हणजे पाखडताना उरलेली कणी आणि उकिरड्यातले किडे. खर्च दिसत नव्हता, त्यामुळे उत्पन्नही कुणाच्या नजरेत भरले नाही. मात्र अंड्यांचे पैसे बाईच्या हातात पडत, आणि आठवडी बाजारात तेवढेच पैसे ती कुणाला न विचारता मोडू शके.

सरकारची नजर परसाकडे वळली ती टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ बंद झाला आणि १९४२-४३ पासून ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचा गजर सुरू झाला. खेड्यातल्या बायकांना त्यात नवे असे काही नव्हते. त्या पिकवतच होत्या.

साठच्या दशकात मात्र परसबाग आणि कोंबडी यांची जोडी सरकारी कागदावर एकत्र आली. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या मदतीने देशात व्यावहारिक आहार कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाया आणि लहान मुले यांच्या ताटात भाजी, फळे आणि अंडी यावीत, आणि ती गावातच पिकावीत, हा त्याचा गाभा. कल्पना आजही जुनी वाटत नाही. त्याच काळात व्हाईट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विलायती जाती गावोगाव पोचू लागल्या. लेगहॉर्न अंडी भरपूर देई, पण खुडूक बसत नसे. गावच्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि पुढची पिढी घरच्या घरी तयार होते. पांढऱ्या कोंबडीने हा धागाच तोडला. पिलांसाठी पुन्हा सरकारी केंद्राचे दार गाठायचे, हे सहा कोंबड्यांच्या मालकिणीला परवडणारे नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने परसाचे मर्म उघडे केले. विहिरी आटल्या, मोरीतच पाणी उरले नाही, तिथे अळूला कुठून मिळणार? घरातली बाई दिवसभर खडी फोडायला कामावर. खुराड्याकडे बघायला माणूस नाही. रेशनच्या मिलोवर आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीच्या आठवणीत त्या वर्षीची परसबाग सहसा नाहीच.

दुष्काळ निघून गेला, पण परसाला खरा धक्का पुढच्या सुबत्तेने दिला. दुष्काळाआधीच, १९७१ मध्ये, बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि पुणे हे कुक्कुटउद्योगाचे मोठे केंद्र बनले. अंडी ट्रेमधून किराणा दुकानात आली. याच सुमारास नळ आले, अंगणात फरशी आली, सांडपाणी गटारात गेले. गावात पाणी वाढले आणि परसातले पाणी संपले, असा हा विचित्र व्यवहार. कोंबडी घाण करते म्हणून नव्या बंगल्याच्या अंगणातून हद्दपार झाली. तिचे अंडे मात्र ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकले जाऊ लागले.

उलट वाटेने जाणारे थोडे होते. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागते, हे हिशेबाने मांडले. ऊन फुकट आहे, ते पानांवर जास्तीत जास्त झेला आणि घरातला काडीकचरा मातीत परत घाला, ही त्यांची शिकवण. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांइतकीच ती शहरांतल्या गच्चीवाल्यांनी उचलली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून ओल्या कचऱ्यावर बाग फुलली, ती याच वळणाची. गच्चीवरच्या उन्हाळ्याचे गणित जमिनीपेक्षा कठीण. खालून स्लॅब तापतो आणि कुंडीतली माती दुपारपर्यंत कढते. पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि हिरवी जाळी यांच्याशिवाय तिथे मे महिना निघत नाही. टोमॅटोचा हट्ट धरणारे तर हमखास फसतात, कारण पारा ३५ अंशांपुढे गेला की त्याची फुले गळतात. गवार, भेंडी, अंबाडी, तांदुळजा, चवळी यांना त्याच उन्हात जोम असतो. उन्हाळ्यात काय लावायचे, हे मडक्यातल्या बियांनी आधीच ठरवलेले होते. नर्सरीतल्या रोपांनी ते विसरायला लावले.

ही बियांची बाजू सर्वांत ठळकपणे पुढे आली ती नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांपासून भाजीपाल्यापर्यंतची गावठी वाणे गोळा केली आणि बायफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभारली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले, आणि परसात जपलेल्या बियाण्याचा मान दिल्लीपर्यंत पोचला.

कोंबड्यांच्या बाजूनेही सुधारणा झाली, ती जातींची. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा. रंगीत पिसांच्या, परसात हिंडणाऱ्या आणि गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देणाऱ्या या जाती बचत गटांमार्फत घरोघर गेल्या. पण वजनदार पाखराला घार आली की चटकन पळता येत नाही आणि कडक ऊनही जास्त बाधते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. उष्मा वाढला की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवचासाठी लागणारा चुना बनेनासा होतो, आणि मे महिन्यात अंडी पातळ कवचाची पडू लागतात. पाणी ती दुपटीने पिते, खाणे टाकते. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर चढतो तेव्हा पत्र्याचे खुराडे म्हणजे भट्टीच. जुन्या बाया खुराडे कडुनिंबाच्या सावलीत ठेवत आणि दुपारी गोणपाट भिजवून टाकत, त्यामागे हाच अनुभव होता.

मग फेब्रुवारी २००६ आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मोठ्या फार्मबरोबर आसपासच्या गावांतल्या, परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तीच पाळी आली. मधल्या २०१९ मध्ये कडकनाथच्या नावाने सांगली भागात गाजलेल्या फसवणुकीने शेतकऱ्यांचे हात पोळले, आणि २०२० च्या सुरुवातीला ‘चिकन खाल्ल्याने कोरोना होतो’ या अफवेने बाजार झोपवला.

२००६ चा फटका बसूनही २०१९ च्या पशुगणनेने चकित करणारा आकडा दिला. देशातल्या परसातल्या कोंबड्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींच्या पुढे गेल्या होत्या. व्यावसायिक फार्ममधली वाढ होती साडेचार टक्के. ज्यांना हा व्यवसाय संपलेला वाटत होता, त्यांचा अंदाज साफ चुकला. टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा गावातल्या परसाने आणि शहरातल्या बाल्कनीने पुन्हा मान वर काढली. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम चालवली. मात्र अशा मोहिमांचा भर पावसाळ्यात येतो. जुलैत कुठलीही बाग छान दिसते. तिचा खरा कस एप्रिलमध्ये लागतो, जेव्हा हंड्यातले पाणी आधी कुणाला, हा प्रश्न घरात उभा राहतो.

कोंबड्यांच्या बाबतीत तर उत्तर जातीत नाही, लसीत आहे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी करते. हिमालयातल्या राणीखेतात हा रोग १९२० च्या दशकात नोंदला गेला. त्यावरची लस कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे आणि स्वस्त आहे. अडते ते कुपीपाशी. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पाखरांची. ती बर्फात ठेवावी लागते, आणि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण ती एकटी कशी वापरणार? त्यासाठी सगळी आळी एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात परतल्यावर, एकत्र यावी लागते. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यानंतर पंखाखाली टोचणी. एवढेच काम. जिथे बचत गटाने एखाद्या शिकलेल्या मुलीकडे ते सोपवले, तिथे मे महिन्यातही कोंबडे आरवतात.

कोंबड्या वाटपाच्या योजनांत किती पाखरे दिली, याची नोंद चोख होते. त्यातली किती पुढच्या मृगापर्यंत जगली, याचा रकाना त्याच अर्जात घालायला हवा, आणि लसीची कुपी पाखरांच्या आधी, फेब्रुवारीतच गावात पोचायला हवी.