मराठी मुलाचा हुकलेला प्रवास

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर निवर्तले आणि मराठी विज्ञानकथेच्या गौरवपर भाषणांना सर्वत्र ऊत आला. ती वाचताना माझ्या मनात शोकाबरोबरच एक जुनी फिर्यादही जागी झाली. ती एका इंग्रजी पुस्तकावरून सांगतो.

सुसान कूपर यांची 'किंग ऑफ शॅडोज' ही बालकादंबरी १९९९ साली, म्हणजे ग्लोब नाट्यगृहाच्या उभारणीस चारशे वर्षे होत असताना, प्रसिद्ध झाली. तीतील नॅट फील्ड हा पोरका अमेरिकन मुलगा शेक्सपिअरच्या नाटकात पकची भूमिका करण्यासाठी लंडनला येतो, तापाने फणफणून निजतो आणि १५९९ सालात जागा होऊन प्रत्यक्ष शेक्सपिअरसमवेत तीच भूमिका करतो. माझे स्पष्ट मत असे की, असे पुस्तक लिहिण्याचा पहिला हक्क आमचा होता. कारण मुलग्यांनी स्त्रीभूमिका करण्याची जी चाल इंग्लंडात १६६० नंतर लयास गेली, ती आमच्याकडे इतकी अलीकडची की, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिकांसाठी दाखल झालेले सतरा वर्षांचे नारायणराव राजहंस पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी हयात होती.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतील बोधपर बालपुस्तकांविषयी न बोललेले बरे. सत्तरीचे दशक मात्र मी अनसिंगात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात, अधाशासारखे वाचत काढले. १९७१ साली 'किशोर' मासिक निघाले, भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला होता आणि त्यांचा फास्टर फेणे घरोघरी धुमाकूळ घालीत होता. रत्नाकर मतकरींची बालनाट्ये मुंबईकर मुलांच्या वाट्याला येत होती, आमच्या मुलुखात त्यांच्या जाहिराती तेवढ्या येत. आणि १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवून पहिले पारितोषिक पटकावले. असे पुस्तक लिहिण्याची सर्व सामग्री एका ओसरीवर जमली होती. पुढे नारळीकरांच्या कथेतील गंगाधरपंतांनी पानिपतचा निकाल पालटलेल्या दुनियेत पाऊल टाकले, परंतु तेथेही ते सभेतील अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीपर्यंतच गेले, नाटकाच्या रंगपटात डोकावले नाहीत. आणि बालवाङ्मयास दुय्यम दर्जाचे दप्तर मानणाऱ्या तत्कालीन समीक्षकांनी असे काही लिहिण्याचा आग्रहही कोणाला केला नाही. त्यांची ती बेपर्वाई मी आजही माफ केलेली नाही.

नंतरची वर्षे कंटाळवाणी. आता तर गावोगावच्या स्नेहसंमेलनांतून नाटुकलेही हद्दपार झाले असून ध्वनिक्षेपकावरच्या सिनेगीतांवर मुले नाचतात आणि पालक ते मोबाइलमध्ये टिपतात. तरी तसे पुस्तक अजूनही लिहिता येईल: ३१ ऑक्टोबर १८८० च्या रात्री पुण्यात किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, तेथे अनसिंगच्या एखाद्या पोराला ऐनवेळी ऋषिकुमाराची वल्कले नेसवून उभे करायला आजही कोणाची हरकत नाही. परंतु ते पुस्तक लिहिणाराच कोणी दिसत नाही.