फिरती तबकडी आणि स्थिर स्मृती

लांबच्या प्रवासात संगीताची सोबत असली म्हणजे वाट सुखाची होते. म्हणूनच मोटारीत प्रथम रेडिओ आला, पुढे कॅसेटी आल्या आणि त्यांच्यामागून सीडी आल्या. परंतु एका सीडीवर सुमारे सव्वा तासाचेच संगीत मावे. प्रवास मोठा असला, की सीडींची चळत बरोबर घ्यावी लागे.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयपॉड नावाचे एक चिमुकले संगीतयंत्र जगापुढे आणले. पत्त्यांच्या जोडाएवढ्या त्या पेटीत सुमारे १,००० गाणी मावत. २००४ साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने हे यंत्र आपल्या मोटारींना जोडण्याची सोय केली. यंत्र समोरच्या कप्प्यात ठेवावे आणि सुकाणूच्या चाकावरील बटणे दाबून गाणी बदलावीत, अशी ती योजना होती.

एवढी गाणी त्या पेटीत राहत तरी कशी? आत १.८ इंचांची एक हार्ड डिस्क असे. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय द्रव्याचा लेप दिलेली, वेगाने फिरणारी तबकडी. पहिल्या आयपॉडमधील तबकडी मिनिटाला ४,२०० फेरे घेई. तिच्यावरील खुणा वाचणारे टोक तबकडीला स्पर्श करीत नसे. हवेच्या पातळ थरावर ते तरंगत राही. या दोहोंमधील अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते!

आता खाचखळग्यांच्या रस्त्यावरून धावणारी मोटार डोळ्यांपुढे आणा. जोराचा धक्का बसला आणि ते टोक तबकडीवर आदळले, तर तेथे ओरखडा पडेल व तेथील गाणी कायमची नाहीशी होतील. हे ओळखून रचनाकारांनी एक युक्ती योजिली होती. सुमारे वीस मिनिटांचे संगीत आधीच वाचून एका छोट्या स्मृतीत भरून ठेवावे आणि तोवर तबकडी थांबवावी. यामुळे धोका कमी झाला. पण टळला नाही. शिवाय फिरणारी वस्तू कालांतराने झिजतेच.

२०१४ साली तबकडी असलेल्या आयपॉडची विक्री बंद झाली. त्याचा सर्वांत मोठा साठा १६० गिगाबाइटचा होता. ज्यांची तबकडी बिघडली किंवा ज्यांचा संगीतसंग्रह तीत मावेना, त्यांनी काय करावे? यंत्र फेकून द्यावे काय? कुशल कारागिरांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी तबकडीच बदलली.

तिच्या जागी फ्लॅश स्मृती आली. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात हिचा शोध लावला. हिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. घट्ट झाकणाच्या असंख्य सूक्ष्म डब्यांप्रमाणे हिचे कण विद्युत्भार आत कोंडून ठेवतात. वीज बंद केली तरी तो निसटत नाही. म्हणून धक्क्यांचे भय येथे उरत नाही.

परंतु जुन्या यंत्राला तबकडीचीच भाषा कळते. म्हणून नव्या स्मृतीची कार्डे एका छोट्या पट्टीवर बसवितात. ही पट्टी दुभाष्याचे काम करते. तबकडी बदलली आहे, हे यंत्राला कळतही नाही! मग संगणकाला जोडून गाणी पुन्हा भरली, की झाले. अशा रीतीने २५६ किंवा ५१२ गिगाबाइटचाही साठा करता येतो. यंत्र हलके होते व वीजही कमी लागते.

तथापि, साठा वाढला म्हणून सर्व काही वाढले असे नव्हे. ग्रंथालयात कपाटे वाढविली, पण सूची मांडण्याचे मेज पूर्वीएवढेच ठेवले, तर ग्रंथपालाची तारांबळ उडेल. आयपॉड सर्व गाण्यांची सूची आपल्या कार्यस्मृतीत मांडतो, आणि ती तर बदललेली नसते. गाणी बेसुमार झाली, तर यंत्र अडखळू लागते. यास्तव गाण्यांची संख्या फार न वाढविता, तीच गाणी अधिक शुद्ध स्वरूपात भरून ठेवणे शहाणपणाचे ठरते. कारण शुद्ध ध्वनीला जागा अधिक लागते.

मुलांनो, असे यंत्र तुम्ही स्वतः उघडू नका. आतील लिथियमच्या बॅटरीला टोचा लागला, तर ती पेट घेऊ शकते. ते काम जाणत्या हातांचे आहे. मात्र कोणतेही यंत्र बंद पडले म्हणजे त्याचा कोणता भाग कोणते काम करतो, हे अवश्य विचारा. पुष्कळदा बिघडलेला असतो एकच भाग. बाकीचे यंत्र आणखी कित्येक वर्षे गाण्यास सिद्ध असते.