तीन गुणांचा हिशेब

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मार्चमधल्या शनिवारी सकाळी पाऊल ठेवलं की आधी शिट्ट्या अंगावर येतात. आठ वाजलेले असतात आणि एका छताखाली डझनावारी कोर्टांवर एकदमच सर्व्हिस सुरू होते. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी याच सभागृहांत मोटारींचं प्रदर्शन भरलेलं असतं. आता त्याच सिमेंटच्या जमिनीवर प्लास्टिकच्या फरशा एकमेकींत अडकवून कोर्टं मांडलेली असतात आणि दोन कोर्टांच्या मध्ये माणसांना उभं राहायला जेमतेम जागा असते. शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला, की आतल्या साऱ्या मुली एकदम हात वर करून ‘बॉल! बॉल!’ असं ओरडतात. पंच खेळ थांबवतो, कुणीतरी चेंडू परत लाथाडतं आणि तो गुण पुन्हा खेळला जातो. दिवसभरात हे किती वेळा होतं त्याची मोजदाद नसते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी चौदा वर्षांखालच्या क्लब संघात व्हॉलीबॉल खेळते, सेटर आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही त्या जागेला ‘लिफ्टर’ म्हणायचो. शाळेमागच्या पटांगणात पाणी मारून, फक्कीने रेषा आखून खेळायचो. पुढे जायची वाट तेव्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. आधी तालुका, मग जिल्हा, मग कोल्हापूर विभाग आणि तिथून राज्य. शाळेचं नाव छातीवर, आणि हरलात तर संध्याकाळच्या एसटीने घरी. इथे या खेळात पडलो तेव्हा मला वाटलं, इथेही अशीच एखादी शिडी असेल. ती समजून घ्यायला मला पूर्ण एक हंगाम लागला.

इथे शाळेचा संघ आणि क्लबचा संघ ही दोन वेगळी जगं आहेत. मुलींच्या शाळेचा हंगाम शरद ऋतूत संपतो आणि मग क्लबचा सुरू होतो. यूएसए व्हॉलीबॉल या राष्ट्रीय संघटनेने देशाचे ४० विभाग पाडलेत. आमचा विभाग न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या भागाचा, नाव गार्डन एम्पायर. मुलींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उन्हाळ्यात, जूनअखेरच्या सुमारास होते आणि तिथे जायचं तर हातात ‘बिड’ लागतो. बिड म्हणजे प्रवेशाचा हक्क. तो मिळवायच्या मुख्य वाटा दोन. एक तर आपल्या विभागाच्या अजिंक्यपद स्पर्धेत वरचं स्थान मिळवायचं. नाहीतर देशभर वसंतात भरणाऱ्या ‘क्वालिफायर’ स्पर्धांत उतरायचं. अशा क्वालिफायर डॅलस, डेन्व्हर, इंडियानापोलिस, स्पोकेन आणि इतरही शहरांत होतात. फिलाडेल्फियाची नॉर्थईस्ट क्वालिफायर ही आमच्या घराला सगळ्यात जवळची.

शिवाय राष्ट्रीय स्पर्धाही एका पातळीची नसते. प्रत्येक वयोगटात ‘ओपन’ ही सर्वात वरची श्रेणी, तिच्याखाली नॅशनल, यूएसए, लिबर्टी, अमेरिकन अशा इतर श्रेणी. क्वालिफायरमधून ओपनचे साधारणपणे तीनच बिड मिळतात. खालच्या श्रेणींचे बिड वेगळे. मोजून तीन जागा आणि त्यासाठी आलेले देशभरातले संघ, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं म्हणजे शनिवार दुपारच्या त्या सभागृहातली शांतता समजते. तिसऱ्या दिवशी ती आणखी गडद होते.

या व्यवस्थेतला सगळ्यात गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सगळ्यात न्याय्य भाग म्हणजे ‘ट्रिकल डाउन’. समजा, पहिल्या आलेल्या संघाने दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या शहरात त्याच श्रेणीचा बिड आधीच मिळवलाय. मग इथला त्याचा बिड वाया जात नाही, तो खालच्या क्रमांकाकडे झिरपतो. हे झिरपणंही ठराविक क्रमांकापर्यंतच चालतं. त्यामुळे पाचव्या-सहाव्या क्रमांकासाठीच्या सामन्याला, जो एरवी कुणी बघितलाही नसता, अचानक जीव येतो. रविवारी दुपारी आईबाप फोनवर निकालांचं पान उघडून बसतात. कोणाकडे आधीच बिड आहे, कोण आज हरलं, कोण कुठल्या श्रेणीत उतरलं, याची गणितं आमच्यातला एक जण पाकिटाच्या पाठीवर मांडायचा. पुढे ती मी मांडू लागलो.

आता त्या शनिवारचं सांगतो.

स्पर्धा तीन दिवसांची. पहिल्या दोन दिवसांत चार-चार संघांचे पूल खेळायचे आणि तिसऱ्या दिवशी बाद फेरी. सामना तीन सेटचा. २५, २५ आणि गरज पडली तर १५ गुणांचा. दुसऱ्या दिवशी आमच्या पूलमध्ये एक दुबळा संघ होता आणि उरलेले तिघे बरोबरीचे. सकाळी आम्ही त्यांतल्या पहिल्या संघाला २५–२२, २५–२३ असं हरवलं. दुसऱ्याकडून २१–२५, २३–२५ असे हरलो. शेवटचा सामना दुबळ्या संघाशी होता. पहिला सेट २५–१२ असा सहज गेला. दुसऱ्यात १८–९ अशी आघाडी असताना प्रशिक्षकांनी बाकावरच्या मुलींना आत घेतलं. इथल्या नियमांत एका सेटमध्ये बारा बदल्या करता येतात. आपल्याकडच्या सहाच्या दुप्पट. म्हणून लहान वयाच्या संघांत सगळ्यांना खेळायला मिळावं अशी अपेक्षाही असते. सेट २५–२० असा संपला. मुलींनी मिठ्या मारल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने समोरच्या कोर्टावर पूलचा शेवटचा सामना संपला आणि तिघा संघांची तिहेरी बरोबरी झाली. प्रत्येकाचे दोन विजय, एक पराभव. असं झालं की आधी सेटचं प्रमाण पाहतात. तेही सारखं निघालं, तिघांचेही चार सेट जिंकलेले, दोन हरलेले. मग मिळवलेले गुण भागिले गमावलेले गुण. आमचे १४४ आणि १२७. दुसऱ्या संघाचे १४२ आणि १२३. पहिल्याचे १४५ आणि १२१. आम्ही तिसरे. पहिले दोन बिडच्या बाद फेरीत गेले, आम्ही खालच्या.

मी फोनवर तो भागाकार तीनदा केला. गमावलेले गुण १२७ च्या जागी १२४ असते, तर आम्ही दुसरे असतो.

मुलगी पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. ‘‘बाबा, किती पॉइंट्सनी?’’

‘‘तीन.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, ‘‘कुठले तीन?’’

या प्रश्नाचं उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही. दुसऱ्या सेटमध्ये बाकावरून आलेल्या मुलीची सर्व्हिस जाळ्यात गेली तो एक? ती मुलगी बऱ्याच सामन्यांनंतर पहिल्यांदा कोर्टावर उतरली होती. की सकाळच्या सामन्यात दोघींनी एकमेकींकडे बघत चेंडू मधोमध पडू दिला तो? प्रशिक्षकांना मी दोष देत नाही. चौदा वर्षांच्या मुलींना खेळवायचं नाही तर संघात घ्यायचं कशाला? पण त्या दुपारी संघातल्या प्रत्येकीला कळलं, की जिंकलेल्या सामन्यातले गुणही कुठेतरी लिहिले जात असतात.

लिहिणाऱ्याही त्याच असतात. या साऱ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट ही. चार संघांच्या पूलमध्ये दोन संघ खेळतात तेव्हा उरलेल्या दोघांतल्या एका संघाला काम करावं लागतं. मुली त्याला ‘रेफिंग’ म्हणतात. मुख्य पंच मोठा असतो, पण रेषेवर झेंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या दोघी, टेबलावर गुणपत्रक भरणारी, लिबेरो (फक्त मागे बचाव करणारी खेळाडू) कुणाच्या जागी आत गेली आणि कधी बाहेर आली याची नोंद ठेवणारी, गुणफलकाचे आकडे उलटणारी, या सगळ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली. त्यासाठी हंगामाआधी त्यांचं प्रशिक्षण होतं. झेंडा खाली म्हणजे चेंडू आत. वर म्हणजे बाहेर. झेंडा उभा धरून त्यावर तळहात ठेवला तर चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून बाहेर गेलाय.

माझी मुलगी बहुतेक वेळा टेबलावर असते. सेटरला सहाही खेळाडूंच्या जागा डोक्यात ठेवायची सवय असते, म्हणून असेल. दोन्ही संघांचा सर्व्हिसचा क्रम, प्रत्येक गुण, प्रत्येक बदली, दोन-दोन टाइमआउट, सगळं पेनने. सर्व्हिसला भलतीच मुलगी उभी राहिली तर ते टेबलावर कळलं पाहिजे. समोरच्या संघाचे पालक ओरडत असतात, रेषेवरच्या मुलीच्या निर्णयावर भुवया उंचावतात. एकदा एका मोठ्या माणसाने रेषेवर उभ्या असलेल्या आमच्या संघातल्या मुलीकडे बोट रोखून आवाज चढवला. तिचा चेहरा लाल झाला, पण झेंडा वर गेला तो वरच राहिला. मुख्य पंचाने त्या माणसाला समज दिली आणि तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या वयात मला कुणी असं उभं राहायला शिकवलं नव्हतं. आमच्याकडे पंच म्हणजे पीटीचे सर, आणि सरांपुढे बोलायची सोय नसायची.

त्याच मुली त्या शनिवारी, बिड हुकल्यावर वीस मिनिटांनी, दुसऱ्यांच्या सामन्याचं गुणपत्रक भरत होत्या. दोघींचे डोळे सुजलेले होते. गुण मात्र बरोबर लिहिले गेले.

याच व्यवस्थेची एक बाजू मला मनापासून टोचते आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. हे सगळं पैशावर चालतं. क्लबची वर्षाची फी काही हजार डॉलर. त्यावर प्रवास, जेवण, गणवेश. प्रेक्षक म्हणून आत जायला पालकांना तिकीट. बऱ्याच स्पर्धांचा नियम असा की संघाने ठरवून दिलेल्या हॉटेलांतच राहायचं, नाहीतर प्रवेश नाही. फिलाडेल्फिया आम्हाला जवळ आहे म्हणून पहाटे चारला निघून गाडी चालवता येते. ज्यांना विमानाने जावं लागतं, त्यांचा एका शनिवार-रविवारचा खर्च माझ्या गावातल्या शाळेच्या क्रीडा विभागाच्या वर्षभराच्या खर्चाहून जास्त असेल. मुलीच्या आधीच्या संघात एक उंच, चपळ डावखुरी मुलगी होती. तिच्या आईने दुसऱ्या वर्षी नाव काढून घेतलं आणि कारण कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीत होतं. काही क्लब फी माफ करतात, काही शिष्यवृत्त्या देतात, पण ते मागायला जी माणसं पुढे येत नाहीत त्यांच्या मुली गुणपत्रकावर कधीच दिसत नाहीत. तालुक्याच्या शिडीत शंभर उणिवा असतील, पण एसटीचं भाडं शाळा भरायची.

रविवारी आम्ही खालच्या बाद फेरीत दोन सामने जिंकलो. मग शेजारच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये, १८९३ सालच्या जुन्या रेल्वे स्थानकाखालच्या बाजारात, सगळ्या मुलींनी उभ्या उभ्या आइसक्रीम खाल्लं आणि घरी निघालो. गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

उरली होती आमच्या विभागाची स्पर्धा. तिथे तीन बिड होते. उपांत्य सामन्यात आम्ही तिसऱ्या सेटमध्ये १२–१५ असे हरलो. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामनाही हातचा गेला. म्हणजे चौथे. अंतिम सामन्यात पोहोचलेल्या एका संघाकडे आधीच क्वालिफायरचा बिड आहे असं आम्ही ऐकून होतो. तसं असेल तर त्यांची जागा झिरपून आमच्याकडे येणार होती. पण ऐकीव गोष्टीवर कुणी हसायचं नाही असं प्रशिक्षकांनी बजावलं आणि त्या स्पर्धेच्या टेबलाकडे विचारायला गेल्या.

हरलेल्या संघाने काम करायचं, त्यामुळे अंतिम सामन्याचं रेफिंग आमच्या मुलींकडे आलं. माझी मुलगी टेबलावर बसली. शेजारच्या मुलीने लिबेरोचा कागद पुढ्यात ओढला. दोघी झेंडे घेऊन कोपऱ्यांत गेल्या. पहिला सेट इकडे, दुसरा तिकडे. तिसरा सुरू झाला तेव्हा प्रशिक्षक सभागृहाच्या त्या टोकाकडून परत येताना दिसल्या. आम्हा पालकांकडे बघून त्यांनी एकदाच मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. आमच्यातल्या एका आईने पदरासारखा आपला स्कार्फ तोंडाशी धरला. मुलींपर्यंत यातलं काही पोहोचलं नव्हतं. कोर्टावर १३–१३ झाले होते. रेषेवरच्या मुलीचा झेंडा खाली आला; १४. मग एक लांबलचक रॅली, तीनदा चेंडू जमिनीपासून वितभर वर उचलला गेला, आणि १५.

दोन्ही संघ जाळ्यापाशी हात मिळवत होते. मुलीने मान वर केली नाही. तिने दोन्ही बाजूंचे गुण बोटाने पुन्हा एकदा मोजले, खाली अंतिम आकडा लिहिला, मुख्य पंचांची सही घेतली, पेनाला टोपण लावलं आणि मग आमच्याकडे पाहिलं.