वेग आणि नाद : दोन छंदांचे एकच मर्म

रायपूर : मोटारींचा वेग आणि ध्वनिवर्धकांचा आवाज हे दोन्ही विषय छत्तीसगढमध्ये अलीकडे चर्चेत आले, ते प्रामुख्याने तक्रारींच्या निमित्ताने. मिरवणुकांतील डीजेच्या गोंगाटाची छत्तीसगढ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सार्वजनिक रस्त्यांवर मोटारींच्या कसरती करणाऱ्यांबाबतही न्यायालयाने प्रशासनाला जाब विचारला. पुणे-नागपूरकरांनाही हे प्रश्न अपरिचित नाहीत. त्यामुळे वेगवान मोटारींची किंवा उंची ध्वनियंत्रणेची आवड म्हणजे उपद्रवच, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र स्पोर्ट्स कार आणि ‘हाय-एंड ऑडिओ’ या दोन्ही छंदांचे स्वरूप बारकाईने पाहिल्यास त्यांचे खरे आकर्षण ताकदीच्या प्रदर्शनात नसून तिच्यावरील नियंत्रणात असल्याचे दिसते.

राखीव शक्तीचे गणित

सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरचा स्थिर वेग राखण्यासाठी साधारण मोटारीला सुमारे 10 ते 15 अश्वशक्ती पुरते. तरीही स्पोर्ट्स कारचे इंजिन 400 अश्वशक्तीचे असू शकते. ध्वनियंत्रणेचेही तसेच आहे. अनेक स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटर अंतरावर 85 ते 90 डेसिबल आवाज देतात. घरात शांतपणे गाणे ऐकण्यासाठी सरासरी एक वॉटही पुरेसा असतो. मग 100 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर कशासाठी?

याचे उत्तर तबल्याच्या थापेत मिळते. संथ आलापीनंतर अचानक पडलेली थाप सरासरी पातळीपेक्षा 20 डेसिबलने वर गेली, तर त्या क्षणापुरती शंभरपट शक्ती लागते. ती उपलब्ध नसेल तर आवाज फाटतो. चढावर अवजड वाहन ओलांडताना मोटारीलाही अशीच क्षणिक शक्ती हवी असते. दोन्ही ठिकाणी बहुतांश शक्ती राखीव राहते, आणि जाणकाराला समाधान मिळते ते या राखीव साठ्याच्या सहजतेतून.

केवळ शक्ती वाढवून मात्र फारसे काही हाती लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यास आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. मोटारीचा वेग दुप्पट करायचा झाल्यास हवेच्या विरोधावर मात करण्यासाठीच आठपट शक्ती खर्च होते. म्हणूनच मुरलेले छंदिष्ट आकड्यांच्या शर्यतीतून लवकर बाहेर पडतात आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद, ब्रेकची पकड, स्पीकरच्या पेटीचा भक्कमपणा अशा गोष्टींकडे वळतात.

एकच भौतिकशास्त्र

या दोन छंदांचे नाते केवळ आवडीचे नाही. त्यांचे शास्त्रही एकच आहे. स्प्रिंगवर तोललेले वजन, त्याची दोलने आणि ती वेळीच विरवण्याची व्यवस्था हा दोन्ही यंत्रांचा गाभा होय. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा डोलतो; शॉक अ‍ॅब्सॉर्बर ते डोलणे थांबवतो. रेकॉर्ड प्लेअरचा दांडा आणि सुई यांचेही असेच नैसर्गिक कंपन असते. ते सेकंदाला 8 ते 12 वेळा, म्हणजे ऐकू येणाऱ्या स्वरांच्या खाली राहावे, अशी रचना केली जाते. स्पीकरचा पडदा स्वर संपताच थांबला नाही, तर पुढचा स्वर गढूळ होतो. वळण संपल्यावरही डोलत राहणारी मोटार पुढच्या वळणावर अशीच चुकते.

हे साम्य आयुष्यभर जपणारे संशोधक म्हणजे अमर बोस. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे हे पुत्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये प्राध्यापक होते. 1964 मध्ये त्यांनी बोस कंपनी स्थापन केली. 1980 मध्ये त्यांनी मोटारीच्या सस्पेन्शनवर संशोधन सुरू केले. प्रत्येक चाकापाशी विद्युतचुंबकीय मोटर बसवून खड्ड्यांचे धक्के रद्द करणारी ही यंत्रणा 2004 मध्ये जगासमोर आली. अ‍ॅम्प्लिफायरमधून नियंत्रित होणारी ही मोटर तत्त्वतः स्पीकरचीच थोरली बहीण होती. वजन आणि खर्च यांमुळे ती सर्वसामान्य मोटारींपर्यंत पोहोचू शकली नाही. बोस यांचे 2013 मध्ये निधन झाले. त्याआधी 2011 मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला दान केले होते.

खर्चाआधी जाण

दोन्ही छंद महागडे आहेत, हे नाकारता येत नाही. तरीही त्यांतील बरीच सुधारणा जाणकारीतून साधते. स्पीकर भिंतीपासून थोडे दूर सरकवणे, समोरच्या भिंतीवर जाड पडदा लावणे, जमिनीवर सतरंजी अंथरणे यांमुळे साध्या यंत्रणेतूनही तंबोऱ्याची जवारी स्पष्ट ऐकू येऊ लागते. टायरमधील हवेचा योग्य दाब आणि चाकांचे अलाइनमेंट यांमुळे जुनी मोटारही नेमकी वळते. रायपूरहून जगदलपूरकडे जाताना लागणाऱ्या केशकाल घाटाच्या वळणांवर कमी वेगातही हा फरक जाणवतो.

मर्यादेचे भान

कायद्याच्या मर्यादा या छंदांच्या आड येत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी 70 किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा असून राज्यांना ती आणखी कमी करता येते. वेगाची परीक्षा पाहण्याची जागा बंदिस्त ट्रॅक हीच होय. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आणि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक अशा शर्यतींसाठीच उभारलेले आहेत.

आवाजाच्या बाबतीत तर मर्यादा हीच छंदाची राखण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. पातळी वाढत जाते तसा हा अवधी झपाट्याने घटतो. गोंगाटाने कानातील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि तसे झाल्यास कितीही किमती यंत्रणा त्या कानांना हरवलेले स्वर परत देऊ शकत नाही.