पद बदलेल, पगार नाही

1994च्या जानेवारीत पंजाब राज्य वीज मंडळातल्या एका साहाय्यक लाइनमनची दृष्टी पूर्ण गेली. खांबावर चढणं संपलं. गैरहजेरीबद्दल विचारणा झाली, तेव्हा 1996च्या जुलैत त्याने कळवलं, की मला निवृत्त करा आणि बायकोला योग्य काम द्या. मंडळाने त्याला निवृत्त केलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अपंगांसाठीचा 1995चा कायदा लागू झाला होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढता येणार नाही, असं त्याचं 47वं कलम सांगत होतं. लाइनमनला हे ठाऊक नव्हतं. साहेबांना असायला हवं होतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवृत्ती रद्द केली. तुझा हक्क काय, हे अधिकाऱ्यांनीच त्याला सांगायला हवं होतं, असं मंडळाला सुनावलं.

आज तेच संरक्षण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20(4) मध्ये आहे. जुनं काम जमत नसेल, तर सरकारी आस्थापनेने दुसरं द्यायचं, तेही त्याच वेतनश्रेणीत. तसं पद नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादाचं पद, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. काम शोधायचं ते आस्थापनेने.

गोम असते ती पगारात. हलकं काम दिलं की पगारही हलका करायचा, हा जुना हिशेब. हरियाणातल्या एका वीज उपकेंद्र कर्मचाऱ्याचा हात कॅन्सरमुळे काढावा लागला. त्याला लिपिक म्हणून घ्या आणि आधीची वेतनश्रेणी राखा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच, कायदा नसतानाही सांगितलं होतं.

आधीपासून दिव्यांग असलेल्यांची अडचण उलटी असते. सवयीचं, जमलेलं काम अचानक बदललं जातं. केंद्र सरकारच्या 2014च्या सूचना म्हणतात, की अशा कर्मचाऱ्यांना आवर्ती बदल्यांतून सूट देता येईल आणि जिथे ते उत्तम काम करतात तिथेच राहू देता येईल. ‘देता येईल’ आणि ‘द्यावी’ यांतली फट कार्यालयांना बरोबर सापडते. तक्रारीसाठी प्रत्येक सरकारी आस्थापनेत निवारण अधिकारी असायला हवा. महाराष्ट्रात पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते.

खासगी कंपन्यांना मात्र 20(4) लागू नाही. त्यांना समान संधी धोरण करावं लागतं, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात बदली-नेमणुकीतल्या प्राधान्याचाही उल्लेख लागतो. बस्स, एवढंच.

कधीकधी कायद्याबाहेरचा कागद कामी येतो. तेलंगणातल्या एका एसटी चालकाला रंगांधळेपणामुळे घरी बसवलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुसरं काम द्यायला लावलं, तेव्हा आधार घेतला तो महामंडळाने कामगार संघटनेशी 1979 मध्ये केलेल्या कराराचा.